देवघरामागची ओल

ता. ११ फेब्रुवारी १९५९, बुधवार

ओल पुन्हा वर चढली! काल खिडकीच्या चौकटीखाली होती, आज चौकटीला लागली. ह्यांच्या पुस्तकांचं कपाट ओढत खोलीच्या मधोमध आणलं. एकटीनं! दोन पुस्तकं गेलीच. पानं एकमेकांना चिकटून वडी झाली आहे.

सकाळी चंद्रमौळी भावोजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ हल्ली पेरांबूरहून मैलापूरला येतात ते माझी नव्हे, भिंतीची विचारपूस करायला. अंगठ्यानं दाबलं तर गिलावा बशीएवढा खाली आला. म्हणाले, "वहिनी, घर संपलं. विकून टाकू. तुम्ही आमच्याकडे या."

घर दोघा भावांच्या नावावर. त्यांनी विकायचं म्हटलं की मी काय करणार? पेरांबूरला त्यांच्या मुलाचे, उमाकांतचे, रेल्वे क्वार्टर्स, तिथे स्वयंपाकघरातला एक कोपरा मला मिळेल. जाऊबाई अंबुजा चांगली आहे, तसं नाही. पण परक्या चुलीपाशी बसून 'मीठ कुठं ठेवलंय' असं विचारत उरलेला जन्म काढायचा? इथं डोळे मिटूनसुद्धा मला सगळं सापडतं. हे कुठं बसत, चष्मा कुठं ठेवत, तेही.

मी विचारलं, इथला हिवाळी पाऊस जाऊन दोन महिने झाले, मग पाणी येतं कुठून? म्हणाले, जुन्या घरांना व्हायचंच. हे काय उत्तर झालं! पाडव्यापर्यंत मुदत मागून घेतली. पाडव्यानंतर ते गिऱ्हाईक आणणार आहेत.

ता. १२

वाण्याच्या पुडीचा कागद नेहमीप्रमाणे उलगडून वाचला. मी अक्षरं शिकले तीच अशा कागदांवर. आधी तमिळ, मग ह्यांची मासिकं चाळून चाळून आपली मराठी. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून जे सापडेल ते वाचायचं ही सवयच लागली.

आणि आज काय सापडावं? 'घरातले पाणी गुपचूप कोठे जाते?' असं सदर! लिहिलंय, नळाला पाणी असताना घरातले सगळे नळ घट्ट बंद करा आणि मीटरचा काटा बघा. काटा हलला तर भिंतीतला नळ फुटलेला. नाही हलला तर—

तिथंच फाटलंय. खालच्या तुकड्यात मिरी बांधून दिली असणार दुसऱ्या कोणाला तरी!

ता. १३, शुक्रवार

सकाळी नळ आल्याबरोबर सगळे बंद केले. गेटाजवळच्या मीटरसमोर उकिडवी बसले. काटा जागचा हलेना. मी बघते आहे, तो गप्प. पलीकडची अलमेलू कुंपणावरून विचारते, मामी, पैसा पडला का? मी म्हटलं, पाणी शोधते आहे. ती म्हणाली, पाणी शोधायला लोक विहिरीत बघतात.

मग देवघराच्या मागच्या त्या भिंतीला पितळी पेला लावून कान दिला. काही नाही. माझ्याच कानातला समुद्र.

म्हणजे नळ फुटलेला नाही! एक चोर सुटला. पण 'नाही हलला तर' पुढे काय, ते माझं मलाच लिहायला हवं आता. मजा वाटते आहे. सांगायला नको कोणाला, पण वाटते.

ता. १५

गच्चीवरची टाकी बघितली. पाण्याच्या कडेला आतून खडूनं रेघ मारली, टाकीतून दिवसभर थेंब घेतला नाही. विहिरीचं ओढून सगळी कामं केली, खांदे भरून आले. संध्याकाळी पाणी रेघेला होतं तसंच. टाकी निर्दोष!

ता. १७, मंगळवार

आज न्हाणीघर. विहिरीत टाकायचे परमँगनेटचे खडे होते, ते बादलीत विरघळवले. जांभळं-गुलाबी पाणी! मोरीत भसाभस ओतलं. भिंतीत कुठं झिरपत असेल तर भिंत रंगायला हवी. पांढरीच राहिली. रंगले ते माझे पाय आणि मागच्या गटारात डुंबणारी अलमेलूची बदकं.

ती तरातरा आली. बदकं धुतली दोघींनी मिळून. जाताना हसायला लागली. 'इंजिनियर मामी' म्हणाली.

ता. १८

व्यासराजाचार्य कुंभकोणमला भाचीच्या लग्नाला गेले. ह्यांच्या मागे देवपूजा तेच येऊन करतात. जाताना बजावून गेले — अभिषेक नको, तुळस वाहा, दिवा लावा, पुरे.

स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता, त्यात चामड्याचं नवं वायसर घातलं. स्वतः! पान्ह्यानं बोट सोललं.

ता. २२

ओल उतरते आहे!! चौकटीपासून चांगली वीतभर खाली. वायसरचीच करामत. इतकं सोपं होतं, आणि मी टाकी नि मोरी तपासत बसले.

ता. २४, मंगळवार

हात लावला की फक्त गार लागतं, ओलं नाही. राहवलं नाही, अलमेलूच्या घरच्या फोनवरून भावोजींना कळवलं — भिंत सुकली, गिऱ्हाईकाला नाही म्हणा. 'बघू' एवढंच म्हणाले. आनंद व्हायला हवा होता माणसाला.

ता. २७

परत आली. चौकटीपर्यंत.

काही लिहवत नाही. भावोजींना काय तोंड दाखवू? दुपारी ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. हे असते तर म्हणाले असते, चिडू नकोस, काय बदललं ते बघ. नकाशे काढायचे ते रेल्वेत, एखादी रेघ चुकली की खोडायचे नाहीत, आधी ती का चुकली ते शोधायचे.

काय बदललं?

वायसर तर तसंच आहे.

ता. २८, शनिवार

सापडलं! सापडलं बहुतेक!

आचार्य बुधवारी परतले. बुधवारपासून अभिषेक सुरू. ते नव्हते तेव्हा भिंत सुकली, आले आणि भिजली!

आपल्याकडे देवाच्या स्नानाचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. म्हणून घर बांधताना ह्यांनी देवघराच्या कोपऱ्यात दगडी कुंडी बसवली आणि तिथून भिंतीच्या पोटातून नळी काढून परसातल्या तुळशीत सोडली. किती कौतुक झालं होतं तेव्हा! सासूबाई सगळ्या गल्लीला बोलावून दाखवत. आणि मी रोज तुळशीशी पाणी येताना बघते, म्हणून नळी ठीक आहे असं धरून चालले. येतं, पण सगळं येतं का, हे कोणी बघितलं? तीर्थावर संशय घ्यायचं मनातच येत नाही आपल्या. गटार, मोरी, नळ — सगळ्यांची झडती घेतली, देवाचीच तेवढी राहिली.

ता. १ मार्च, रविवार

आचार्यांना म्हटलं, उद्याच्या अभिषेकाच्या पाण्यात थोडं परमँगनेट टाकू या.

त्यांनी ताम्हन खालीच ठेवलं. शाळिग्रामाला औषध? मी म्हटलं, देवावर नको, नंतर कुंडीत टाकू. तर म्हणे, कुंडीतलं पाणी तुळशीला जातं, तुळस जळेल, आणि जळली की पाप कोणाला, मलाच ना? बरोबर होतं त्यांचं. पण ते जायला निघाले आणि उंबऱ्याशी थांबले.

"रंगच हवा ना तुम्हाला? मग हळद आहे की. हळदीचं स्नान तर देवाला चालतंच."

मला का सुचलं नाही! इतकी वर्षं स्वयंपाक करते आहे.

ता. २

भरपूर हळद, फडक्यातून गाळून. आचार्यांनी हौसेनं घातली, स्नान झालं, शाळिग्राम सोन्यासारखे दिसत होते. तुळशीशी पिवळं पाणी आलं. भिंतीवर काही नाही. कळकट डागांत पिवळं दिसणार तरी कसं?

म्हणून संध्याकाळी चुना कालवला आणि ओल्या भागावर मीच पांढरा हात दिला. आता थेंब जरी आला तरी उठून दिसेल.

ता. ३ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

पूजा झाली. आज हळद कालच्या दुप्पट. आचार्य घरी जाईनात, भिंतीसमोर पाटावर बसून राहिले. अलमेलू पण आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही तिघं भिंतीकडे बघत. कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, सिनेमा लागलाय.

काही नाही, काही नाही. आचार्य जांभया देऊ लागले. आणि मग कोपराच्या उंचीवर एक ठिपका. पिवळा नव्हे. लाल! लालभडक. बघता बघता बोटभर झाला आणि खाली ओघळला.

अलमेलूनं गालावर हात मारून घेतले. "अम्मन आली, मामी, अम्मन!" तिला देवीच अवतरली असं वाटलं, खरंच घाबरली होती. आणि मला हसू येत होतं, कारण मला माहीत होतं — हळद आणि चुना! आजी घरी कुंकू करायची ते असंच. पिवळ्याचं लाल होतं. मी चुना लावला तो डाग दिसावा म्हणून, आणि त्यानंच नळीची फुटकी जागा टिकलीसारखी दाखवून दिली!

मी बोट लावून बघितलं. बोटाला लाल लागलं.

ती दोघं गेल्यावर बराच वेळ तसंच ठेवलं, धुतलं नाही. हे गेल्यापासून हा रंग हाताला लागला नव्हता. मग धुतलं, जेवायचं होतं.

ता. ५, गुरुवार

मानाजी आला. आमच्या तंजावरकडचाच गवंडी, आपल्यासारखंच मराठी बोलतो, मधेमधे तमिळ. त्याला लाल डाग दाखवला आणि म्हटलं, इथंच फोड, दुसरीकडे एक विटकर हलवायची नाही. त्याला पटेना. म्हणे, ओल खाली दिसते, उगम वर असतो, अख्खी भिंत उघडू. मी डागावरून हात काढला नाही. शेवटी म्हणाला, बरं अक्का, तुमची भिंत.

अर्धी वीट काढली तोच खापरी नळी! दोन तुकड्यांचा सांधा निखळलेला आणि आत पिंपळाची मुळी शिरलेली, वेणीसारखी लांबच लांब. मानाजी ओढतो आहे, ती येतेच आहे. दोघंही हसत सुटलो.

नळी हातात घेतली तर सांध्यावर ह्यांचा अंगठा उमटलेला दिसला. ओल्या सिमेंटवर दाबलेला. सांधा ह्यांनी स्वतः भरला होता तर. मानाजीला म्हटलं, हा तुकडा फेकू नको.

ता. ९

नवी नळी भिंतीच्या आत घालू दिली नाही. मानाजी म्हणाला, बाहेरून शोभा जाईल. जाऊ दे! भिंतीच्या बाहेरून, उघडी, तांब्याची, तुळशीपर्यंत उतरत नेली. फुटली तर दिसेल. जे पाणी दिसत नाही त्याच्यावर भरवसा नाही ठेवायचा आता.

आचार्यांना काळजी, उघड्या नळीला कोणीही शिवेल. मग तिच्याभोवती लाकडी जाळी लावली. शिवता येत नाही, बघता येतं. खूश झाले.

ता. १५, रविवार

खडखडीत कोरडी! गाल लावून बघितला. कपाट जागेवर गेलं.

अलमेलूच्या घरी आज मीटर बघायला गेले, तिनंच ओढत नेलं. सगळे नळ बंद, आणि काटा चालतो आहे, सावकाश! तिच्या न्हाणीघराच्या फरशीखाली सापडेल बघ म्हटलं. तिचा नवरा बँकेतून आल्यावर गल्लीत सांगत सुटला. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरातून बोलावणं! दर महिन्याला आपल्या घरचा काटा, टाकीची रेघ आणि नळी बघायची असं मी ठरवलं होतं. आता गल्लीचंही बघावं लागणार असं दिसतं.

ता. १८

भावोजी येऊन गेले. भिंतीवर हात फिरवला, नळी बघितली, जाळी बघितली. "विकायचं राहू दे मग," एवढंच बोलले.

मी जिंकले! पण भावोजी कॉफी अर्धी टाकून गेले. पायऱ्या उतरताना एकदा मागे वळून घराकडे बघितलं, आणि गेले. हरल्यासारखे का दिसत होते?

ता. २२ मार्च, रविवार

सकाळी दारात टांगा. भावोजी, अंबुजा आणि दोन ट्रंका. भावोजी खाली उतरेनात. अंबुजाच आत आली, माझा हात धरला.

"अक्का, उमाकांतची बदली झाली. क्वार्टर्स महिनाअखेर सोडायचे आहेत. मला दमा, ओलीत राहवत नाही, म्हणून हे विका विका म्हणत होते. त्या पैशात कुठं दोन कोरड्या खोल्या मिळतील म्हणून. आता तुमच्याकडे मागायची ह्यांना लाज वाटते."

लाज कसली, अर्धं घर त्यांचंच. मी बाहेर जाऊन टांग्यातली एक ट्रंक स्वतः उचलली, तेव्हा कुठं भावोजी उतरले. ह्यांची खोली दिली.

तिघांचा स्वयंपाक करायला बसले आणि माप चुकलं. भात कमी पडला. पुन्हा पातेलं चढवलं.