तुमचं नाव घेतलं

तीर्थस्वरूप ‘अहो’ यांस,
साष्टांग नमस्कार.

इथे लेकाकडे मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तिथेही कुरकुरायचाच. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?

नातीला जर्मनच्या वर्गात एकटीला बसवत नाही, म्हणून मीही तिच्याशेजारी चिमुकल्या खुर्चीवर बसते. सकाळी भेटलं की “गुटन मॉर्गन”, मग आपलं नाव सांगायचं. बाकीची पोरं पोपटासारखी बोलतात. आपली मात्र महिनाभर मिठाची गुळणी धरून!

काल बाईंनी घरच्यांचा फोटो दाखवून नाव सांगायला लावलं. नातीने तुमचा फोटो नेला आणि ऐन वेळी माझ्या पदराआड लपली. शेवटी मीच उठले. “एर हाइस्ट”, म्हणजे ‘यांचं नाव’, इथवर आले आणि अडले. एक्केचाळीस वर्षांत उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं हो. घेतलं, भर वर्गात!

“आजी लाजली!” म्हणत नात खुदकन हसली. मग स्वतःच उठून तिने तिचं, माझं, तुमचं, तिघांचीही नावं खणखणीत सांगितली.

जेवणाची हयगय करू नका.

तुमची,
वर्गातली सगळ्यात थोरली

ता. क. लिहायला हात अजून धजत नाही. पाकिटावरचं नाव सूनबाईने घातलंय.