दोघांपुरतं इंग्रजी

कळंबा, कोल्हापूर

माजी सहशिक्षक आणि आजी पुणेकर बंडोपंत यांस केरबा मास्तरचा साष्टांग (गुडघ्यामुळे निम्माच) नमस्कार.

तुझं बीपी कसं आहे? पद्मजावहिनींचा खोकला थांबला का? लेकाच्या, म्हणजे मोहितच्या घरी कधी तांबडा रस्सा होतो, की गूळ घातलेली आमटी खाऊन तूही गोड बोलायला लागलास?

इकडे सगळं ठीक आहे, फक्त बोलायला कुणी उरलं नाही. बायको आहे, पण अनुजाशी मराठीत बोलावं लागतं आणि ते तिला सगळं कळतं. इंग्रजांनीच टाकून दिलेले इंग्रजी शब्द गोळा करून लोकांसमोर बिनधास्त वापरायचा आपला स्टाफरूमपासूनचा उद्योग आता माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलाय. पंगतीत कुणी दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून बसला की मी हळूच ‘ग्रोक’ म्हणायचो आणि तुझ्या नाकातून मठ्ठा यायचा. मागच्या आठवड्यात एका बारशाला तसाच एकजण दिसला. ‘ग्रोक’ म्हणालो, तर शेजारच्या पावण्यांनी ठसका लागला समजून माझ्या पाठीत गुद्दा घातला.

आपल्या सोसायटीचा चेअरमन सम्राट तुला माहीतच आहे. टाकीची गळती असो की माझा मधुमेह, त्याचं मत तयार असतं (स्वतःची गाडी मात्र ढकलून चालू करतो). मीटिंगमध्ये तो बोलायला लागला आणि मी सवयीनं ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ म्हणून गेलो. सवयीनंच शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथं धोंडुबाई घेवडा मोडत बसल्या होत्या. सम्राटनं अर्थ विचारला. ‘ज्यातलं कळत नाही त्यातही बोलणारा’ असं सांगायची छाती झाली नाही. ‘सर्व विषयांवर मार्गदर्शन करणारा’ म्हणालो. त्याचा वाढदिवस तोंडावरच होता. कोपऱ्यावर हा भलामोठा फ्लेक्स लागला, ‘कळंब्याचे एकमेव अल्ट्राक्रेपिडेरियन’! खाली शुभेच्छुकांत माझा फोटो, तोही लग्नातला.

फ्लेक्सखाली उभा राहून एकटाच हसून बघितलं. जमलं नाही, उलट गलबलून आलं. एवढा दुर्मिळ शब्द, एवढ्या मोठ्या अक्षरांत, आणि तू नाहीस. त्यात सम्राट पेढे घेऊन घरी आला आणि पाया पडला. म्हणाला, “मास्तर, चेअरमन झाल्यापास्नं समद्यांनी शिव्याच घातल्या की. चांगला शब्द देणारं तुमीच भेटलासा.” पेढा मी तसाच अनुजाच्या हातावर ठेवला. आपण दोघं हसत होतो तेव्हा हे कधी टोचलं नव्हतं.

अर्थ कुणाला सांगू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
केरबा

ता. क. : पत्राचं कारण राहिलंच. सम्राटला तुझा बंद फ्लॅट विकत हवाय. त्याचं मत असं की बंडू मास्तर आता काही परत येत नाहीत, तेव्हा विकलेलाच बरा. विचारतो म्हणालो होतो, विचारलं.

आणखी ता. क. : विकू नकोस. घरादाराच्या व्यवहारातलं मला काही कळत नाही, तरी बोलतोय. फ्लेक्सवर माझा फोटो योग्य जागी लागलाय.

शेवटचा ता. क. : किल्ली अनुजाकडे आहे, ती झाडून ठेवेल. ‘ओव्हरमॉरो’ आठवतो? म्हणजे आपला परवा. इंग्रजांनी तो शब्द टाकून दिला. त्यांना परवापर्यंत कुणाची वाट बघावी लागत नसेल. मला लागते. परवा ये.