थांबवलेली पंगत

रविवार, संध्याकाळ. अकोला.

गेमचं मशीन आणायलाच अमरावतीला आईकडे गेले आणि हात हलवत परत आले. मूर्ख आहे मी. माझ्या पगारातून घेतलेलं मशीन! तिचा डीव्हीडी प्लेअर बिघडला, म्हणून दिवाळीत ताईच्या लग्नाची डीव्हीडी त्यावर लावून दिली होती, तेवढंच.

पण आई लग्न बघतच नाही. पंगत येते, बाबा बुंदीची बादली घेऊन वाकतात, तिथंच ती चित्र थांबवते. मग समोर बसून मेथी निवडते. थोड्या वेळानं मशीन आपोआप पडदा अंधुक करतं. ती कंट्रोलरची दांडी अंगठ्यानं जराशी हलवते, की बाबा पुन्हा उजळतात.

"बंद कर न आई! किती वेळ तेच ते?" चिडलेच मी.

"तुह्या बाबाले अंधारात वाढाले लावू का?"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ते असे वाकून, आग्रह करकरून वाढायचे, हे मी विसरले कशी?

वायर काढायला हातच गेला नाही.

आता साडेसात वाजलेत. माझ्या हातात काहीच नाही, तरी मघापासून अंगठा हलतोय.