माय, मी विमानातून उडी मारली

माझी माय,

दुपारचे तीन वाजलेत. धुळ्याच्या एका लॉजवर बसून लिहिते आहे. शेजारच्या पलंगावर नसीम गाढ झोपली आहे, मला मात्र झोप येत नाही. आज सकाळी मी जे केलं, ते आधी तुलाच सांगायला हवं होतं. जमिनीला टेकल्या टेकल्या मी फोन काढला आणि जामनेरच्या घरचा नंबर लावायला निघाले! घरात कोण आहे उचलायला? तू जाऊन सव्वा वर्ष झालं. म्हणून हे पत्र.

रागावू नकोस. मी विमानातून उडी मारली.

एकटीने नाही गं! रोज उड्या मारणारा एक माणूस असतो. त्याच्या छातीला आपली पाठ पट्ट्यांनी करकचून बांधतात. पॅराशूट त्याच्या पाठीवर. दोघांची मिळून एक उडी. हे मलाही काल संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

सगळं नसीमचं कारस्थान. रेल्वेच्या दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून ती गेल्या महिन्यात निवृत्त झाली आणि भुसावळहून थेट आपल्या घरी आली. म्हणाली, "मंगला, तोरणमाळला जाऊ. जाता जाता एक दिवस धुळ्यात थांबू." मी शाळेतून रजा काढली. धुळ्यात पोचल्यावर तिने हळूच सांगितलं, की विमानतळावर उड्यांचं शिबिर लागलंय आणि तिने दोघींची नावं दिली आहेत.

"नसीम, मी एकोणपन्नास वर्षांची आहे."

"मी साठची. मग?"

तुझी लाडकी ना ती? आता भोग!

तुला आठवतं, आठवीत माझी सहल अजिंठ्याला निघाली होती? घरापासून तासाभराचा रस्ता. तू म्हणालीस, "तठी कडा आहे, पडशीन." झालं, बंद. मग मी अजिंठा कधी पाहिला? पस्तिसाव्या वर्षी, निवडणुकीच्या ड्युटीवर त्या बाजूला गेले तेव्हा. माय, एवढं का गं धरून ठेवलंस मला?

सकाळी विमानतळावर एक फॉर्म भरायला दिला. नाव, वय, वजन. शेवटी एक रकाना होता: अडचण आल्यास कोणाला कळवायचं. माझा पेन तिथेच थांबला. नसीमने फॉर्म ओढला आणि स्वतःचं नाव लिहून टाकलं. टेबलावरची मुलगी हसली. "काकू, तुम्ही दोघी एकाच विमानात आहात. खाली राहणारं कोणीतरी लिहा ना."

खाली राहणारं कोण आहे माझं? शेवटी सुरतच्या दादाचा नंबर लिहिला. पाठ नव्हता, मोबाईलमध्ये शोधावा लागला.

माझ्याबरोबर उडी मारणारे मोहिते म्हणून होते. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. कमरेचे, मांड्यांचे पट्टे आवळता आवळता ते म्हणाले, "ताई, सगळा भार माझ्यावर टाका. अंग सैल सोडा."

माय, हे तर माझं बोलणं होतं! लकव्याने तुझी उजवी बाजू गेल्यावर नसीमनेच मला तुला उचलायला शिकवलं होतं. तुझ्या कमरेला जुनं लुगडं गुंडाळायचं, ते धरायचं, गुडघे वाकवायचे, आणि पलंगावरून खुर्चीत. नऊ वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा. दर वेळी मी म्हणायचे, "माय, भार माझ्यावर टाक, अंग सैल सोड." आणि दर वेळी तू लाकडासारखी ताठ व्हायचीस. "हळू वं, पाडशीन मले!"

एकदा तरी पाडलं होतं का गं मी तुला?

नाही. पण त्या दिवशी मी जे केलं ते पाडण्यापेक्षा वाईट होतं. शाळेत तपासणीला साहेब येणार होते. मला उशीर झाला होता, आणि तू अशी ताठ झालीस की तीनदा प्रयत्न करूनही उचलता येईना. मी तुला पलंगावर तसंच सोडून दिलं आणि ओरडले, "पडून राहा मग तिथेच!" तुझी आंघोळ नाही, चहा नाही, दाराला बाहेरून कडी घालून निघून गेले. दुपारी दोनला परत आले. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. ओल्यात. मला वाटलं, आता शिव्या देशील. तू एवढंच म्हणालीस, "मले भेव वाटते वं."

मी काय म्हणाले? "कशाचं भेव? मी आहे ना!" आणि चादर बदलायला लागले.

माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तूही पुन्हा तो विषय काढला नाहीस.

आज मला कळलं गं. विमान एवढंसं, आपल्या गल्लीतल्या रिक्षापेक्षा थोडं मोठं. खाली पांझरा नदी दोरीसारखी, लळिंगचा किल्ला मुठीएवढा. माझ्या आधी नसीम गेली. "या अल्ला!" एवढंच ऐकू आलं, आणि दारात नुसतं आभाळ. मोहिते मला सरकवत दारापाशी घेऊन आले. पाय बाहेर लोंबकळले. आणि माझं अंग लाकूड झालं. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. मन म्हणत होतं सोड, हात ऐकत नव्हते. माणूस चांगला आहे, पट्टे पक्के आहेत, सगळं माहीत होतं मला. तरीही!

म्हणजे तुझाही माझ्यावर भरवसा होता. तरीही तुझं अंग ऐकत नव्हतं. हो ना?

मोहिते ओरडले नाहीत. मागून वैमानिक काहीतरी म्हणाला. त्याला त्यांनी हाताने थांबवलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "घाबरा ताई. घाबरायला काही हरकत नाही. मला घाई नाही. नको वाटलं तर विमानातूनच खाली जाऊ."

नऊ वर्षांत एका सकाळी मी तुला एवढंच म्हणायला हवं होतं. "मला घाई नाही." शाळेत उशिरा पोचले असते. साहेब चार शब्द बोलले असते. काय बिघडलं असतं?

माय, माझं चुकलं. फार चुकलं.

मग मी स्वतःच एकेक बोट सोडलं.

पडताना तुझी आठवण आली नाही, खरं तेच सांगते. फक्त वारा. तोंडात, नाकात, डोळ्यांत वारा. मी किंचाळत होते म्हणे, मला तर ऐकूच आलं नाही. मग एक जोराचा हिसका बसला, वर पॅराशूट उघडलं आणि सगळं शांत झालं. इतकं शांत! आणि त्या शांततेत मी काय केलं असेल? कान टवकारले. तू वाटीवर चमचा वाजवायचीस ना मला बोलवायला, तो आवाज ऐकायला. वर्गात शिकवतानाही माझा एक कान घरीच असायचा. तो अजून तसाच आहे. पण तिथे वर आभाळ, खाली कापसाची वाळकी शेतं, आणि मला बोलवणारं कोणी नव्हतं.

तू गेल्यावर सगळे म्हणाले, "सुटली बिचारी. तूही मोकळी झालीस." मोकळं होणं म्हणजे काय ते आज दिसलं मला. किती मोठं असतं गं ते! आणि त्यात एकच माणूस.

खाली आल्यावर दादाला फोन लावला. त्याला आधी खरंच वाटेना. मग म्हणाला, "माय राहती तं तुले बदडती." मी म्हटलं, "हो रे." मग त्याच्याकडून नुसते दुकानाचे आवाज येत राहिले. तो रडत होता की दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, कळलं नाही. फोन मात्र त्याने बराच वेळ ठेवला नाही.

लॉजवर आल्यावर मी नसीमला म्हटलं, "तोरणमाळ राहू दे. मी उद्या घरी जाते." ती केस पुसत होती. थांबली.

"कोणासाठी?" तिने विचारलं.

वाईट वाटावं म्हणून नाही विचारलं तिने. मी उत्तर शोधत बसले. शाळेला अजून तीन दिवस आहेत. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या अक्का आहेत. खूप शोधलं, पण एकही नाव सापडलं नाही. ती झोपून गेली आणि मी कागद मागायला खाली गेले.

उद्या सकाळी आठला तोरणमाळची बस आहे. मी जाणार आहे, माय. रात्री परक्या खोलीत रडू येईल, येऊ दे. तोरणमाळचं तळं बघीन, कड्यावर जाईन, अगदी टोकापर्यंत. आजवर जे काही पाहिलं ते घरी येऊन तुला सांगायचं म्हणून पाहिलं. हे मात्र नीट पाहीन, मलाच पाहायचंय म्हणून. एवढं वचन देते.

तुझी,
मंगला