आधी स्क्रू, मग आकडा

मी, खाली सही करणारा, धंद्याने मिलिंग मशीनवरचा कारागीर, ज्याला सगळे मिस्तरी म्हणून ओळखतात, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. हात थरथरतात, पण मृत्युपत्राला बुद्धी लागते असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आधी मुलांनी एकमेकांशी बोलायला हवे. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडात धरून जे तोंड केले, ते पाहता हे काम लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीला मिळावी. न्हाणीघरातला नळ मी दुरुस्त करणार होतो. तोही तिलाच, गळतीसकट.

२. माझा मापे घ्यायचा जुना डायल शेजारचा लेथवाला संध्याकाळपर्यंत म्हणून घेऊन गेला. मागायला गेले की म्हणतो, "देतो ना मिस्तरी, मी काय पळून चाललोय?" तो पळाला नाही हे खरे, पण डायलही आला नाही. तो डायल मी त्यालाच देतो. आता स्वतःची वस्तू म्हणून त्याने तो सांभाळून दाखवावा.

३. माझ्या मेहुण्याला रोटरी टेबलाचा हाताने फिरवायचा दांडा द्यावा. टेबलाला मोटर लावायचे ठरवले तेव्हा हा चारचौघांत म्हणाला होता, "दाजी, दांडा फिरवायचा कंटाळा आला म्हणजे माणूस संपला." त्याने जन्मात एक स्क्रू पिळलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याच्या हातात एकदा दांडा येऊ दे.

४. आता मुख्य गोष्ट. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात एवढा खुलासा नको. मला हवा आहे.

माझे सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारे, तीन चाली चालते: डावी-उजवीकडे, मागे-पुढे, वर-खाली. वस्तू स्वतःभोवती फिरवत कापायची तर चौथी चाल लागते. त्यासाठी मी एका बंद कारखान्यातले जुने रोटरी टेबल आणले, त्याचा दांडा काढून मोटर बसवली आणि ती मशीनच्या कंट्रोलला जोडली. हा सगळा खटाटोप पत्नीच्या शिलाई मशीनच्या एका कॅमसाठी. कॅम म्हणजे लहानसा लोखंडी ठोकळा, त्याच्या अंगाभोवती वळत गेलेली एक खाच. त्या खाचेमुळे धागा ओढणारा दांडा वर-खाली होतो. तो कॅम झिजला, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. मी म्हणालो, "थांब, मीच करून देतो." ती अजून थांबलेली आहे. सगळ्या गल्लीचे कपडे जिने शिवले, ती आज उशीची खोळ दुसरीकडून शिवून आणते, आणि तिच्या मशीनवर चादर घातलेली आहे.

अडचण टेबलाच्या ढिलाईची. टेबलाच्या पोटात एक स्क्रू दातेरी चाकाला फिरवतो. दिशा बदलली की स्क्रू आधी किंचित रिकामा फिरतो, मग टेबल हलते. खाच एकदा सुलट आणि एकदा उलट अशी कापावी लागते. त्या रिकाम्या फिरण्याने दोन्ही वेळच्या कडा जुळत नाहीत, मध्ये पायरी राहते, आणि पायरीला धाग्याचा दांडा अडखळला की धागा तुटतो. यावर उपाय दोन. स्क्रू चाकाला जास्त भिडवायचा, नाहीतर कंट्रोलमध्ये आकडा भरायचा, म्हणजे दिशा बदलताना मोटर तेवढी जास्त फिरते.

माझी थोरली फिटर आहे आणि धाकटा प्रोग्रॅम करतो. एकदा कापताना कटर मोडला. ती म्हणाली आकडा चुकला, तो म्हणाला स्क्रू चुकला, तेव्हापासून अबोला. पूर्वी तो तिला ताई म्हणायचा, आता नुसते 'ती' म्हणतो. तो सकाळी येतो, ती दुपारी. सकाळी तो ढिलाई मोजून आकडा भरून जातो. दुपारी ती येऊन स्क्रू घट्ट करते. आता ढिलाई नाही पण आकडा आहे, म्हणून टेबल जास्त फिरते. दुसऱ्या सकाळी तो आकडा काढतो. तोवर घट्ट स्क्रूने मोटर तापते म्हणून दुपारी ती स्क्रू सैल करते. ढिलाई परत आली, आकडा गेलेला. पहिले पाढे पंचावन्न.

मी थोरलीला म्हणालो, "अगं, तो आकडा भरून ठेवतो. तू स्क्रूला हात लावू नकोस."

"मग त्याला सांगा ना, आधी मला विचारत जा म्हणावं. मोठी आहे मी त्याच्यापेक्षा."

धाकट्याला म्हणालो, "अरे, ती स्क्रू फिरवते."

"तेच तर म्हणतोय बाबा. तिला सांगा."

पालथ्या घड्यावर पाणी. माझे हात चालते असते तर दोघांनाही बाहेर काढून मीच केले असते. आता स्क्रूड्रायव्हर धरला तर तो स्क्रूच्या खाचेत बसत नाही. मी स्टुलावर बसून बघतो आणि बघण्याचा मला वीट आला आहे. त्यांना काम येत नसते तर मी गप्प बसलो असतो. दोघांचेही काम चोख आहे, संताप त्याचा होतो.

५. म्हणून मशीन, कंट्रोलसह, धाकट्याला. रोटरी टेबल, मोटरसह, थोरलीला. वर्कशॉपची जागा दोघांना मिळून. मध्ये भिंत घालू नये.

वकीलबाई म्हणाल्या, "मिस्तरी, अशी वाटणी केलीत तर भांडणं होतील."

मी म्हणालो, "होऊ देत. भांडायला तरी तोंड उघडतील."

६. कलम ५ ला अट आहे. दोघांनी एकाच वेळी मशीनसमोर उभे राहायचे. जुना आकडा शून्य करायचा. थोरलीने मोटर तापणार नाही इतपत स्क्रू भिडवून पक्का करायचा. मग धाकट्याने उरलेली ढिलाई मोजून आकडा भरायचा. आधी स्क्रू, मग आकडा. त्यानंतर एकट्याने कोणी कशालाही हात लावायचा नाही. मग कॅम कापायचा. तो बरोबर झाला की नाही हे त्यांची आई ठरवेल. ती एक खोळ शिवेल, आणि धागा न तुटता शिवण शेवटपर्यंत गेली तरच मशीन त्याचे आणि टेबल तिचे.

इथवर लिहून मी पत्नीला वाचून दाखवले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, म्हणजे माझी खोळ शिवून व्हायला आधी तुम्ही मरायचं?"

मी कलम ६ पुन्हा वाचून पाहिले. अर्थ तोच निघत होता.

"मग नको मला तो कॅम," ती म्हणाली आणि घड्या घेऊन आत गेली.

७. सबब, कलम ६ माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्र माणूस गेल्यावरच बोलते. असेल, पण तेव्हा ते मला ऐकू येणार नाही. म्हणून मी दोन्ही मुलांना साक्षीदार म्हणून सही करायला आज एकाच वेळी बोलावले. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, हे मला माहीत होते, त्यांना नव्हते. आल्यावर त्यांना कलम ४ ते ६ वाचायला दिले आणि मी बाहेर येऊन बसलो. लेथवालाही सहीला आला होता. कलम २ मुळे त्याला परत पाठवले. डायल आणला नव्हताच.

ठिकाण: वर्कशॉपचा उंबरठा
दिनांक: एकोणीस, सुट्टीचा वार

(सही) मिस्तरी
वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार:
१. (सही) समोरचा वेल्डर
२. (सही) बोर्ड रंगवणारा पेंटर

आम्ही दोघे लिहून देतो की मिस्तरींनी आमच्यासमोर सही केली. करताना ते मध्येच थांबले. आम्हाला वाटले छातीत कळ आली, म्हणून पाणी आणायला उठलो. ते म्हणाले, "गप्प बसा, ऐकू द्या." आत त्यांचा धाकटा म्हणत होता, "अजून जरासा फिरव, ताई." मग त्यांनी राहिलेली सही पुरी केली.