दोरीवर वाळत घातलेला मास्क

प्रिय वहिनी,

लग्न तुझं आणि उतावळी मी, अशी गत झाली आहे. रविवारी तू तुझ्या चष्मेवाल्याशेजारी बसून सही करणार, आणि इथे मी आत्तापासूनच आरशासमोरून हलत नाही. परवा फोनवर तू हळूच विचारलंस, आई येतील का, आणि मी बघू म्हणून विषय बदलला. तुझी पत्रिका आल्यापासून आईच्या तोंडावर हसू दिसलं नव्हतं. तू लहानपणीच आईवेगळी झालेली, त्यामुळे या घरात आल्या दिवसापासून हिलाच आई म्हणालीस. दादा गेल्यावरही दोन वर्षं तिच्याजवळ राहिलीस. आता दादाच्या जागी दुसरं कोणी उभं राहिलेलं तिला बघवेल का, हे तिला विचारायचं मी टाळत होते. तर त्याचं काय झालं ते सांगते, पण माझ्या पद्धतीने, अगदी पहिल्यापासून. मला रेडिओ म्हणायचीस ना, मग आता ऐक.

लॉन्ड्रीत दिवसभर वाफेपुढे उभं राहून माझ्या चेहऱ्याची काय दशा झाली आहे, तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात लोकांनी नवरी सोडून माझ्या गालांचे पापुद्रे बघू नयेत, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन शीट मास्क मागितला, ते सिरममध्ये भिजवलेलं, तोंडावर पसरायचं पातळ कापड असतं ना, तो. तिथल्या मुलीने भिंतभर पाकिटं दाखवली, काकडीचा, मधाचा, कोळशाचा, एक तर चक्क सोनेरी. मी अर्थातच सोनेरीला हात घातला. ती म्हणाली, मावशी, पाकीट बघू नका, आपली त्वचा बघा. कोळशाचा तेलकट चेहऱ्यासाठी, तुम्हाला ओलावा धरून ठेवणारा हवा, आणि शक्यतो बिनवासाचा. मनगटावर थोडं सिरम लावून दिलं आणि उद्यापर्यंत खाज येते का बघा म्हणाली. पहिला प्रयोग लग्नाच्या दिवशी करू नका, नाहीतर फोटोत लालबुंद तोंडाने याल, हेही बजावलं. मनगटाला काहीच झालं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी जाऊन दोन पाकिटं आणली, एक तालमीला आणि एक शनिवारसाठी.

काल संध्याकाळी तोंड धुतलं, पाकीट फोडलं, मास्क ताटलीत ठेवला आणि केस बांधायला आत गेले. बाहेर येते तर ताटली रिकामी. आईने तो मास्क घट्ट पिळला होता, दोनदा झटकला होता आणि बाल्कनीतल्या दोरीवर मोज्यांशेजारी चिमटे लावून वाळत घातला होता. तिची तरी काय चूक, उभा जन्म लॉन्ड्रीत गेला, ओलं कापड दिसलं की तिचे हात थांबत नाहीत. सगळं सिरम बेसिनमध्ये गेलं. वर मलाच विचारते, एवढंसं फडकं, त्यालाही भोकं पडलेली, आणलंस कशाला? दोरीवर डोळे-तोंड उघडं टाकून लोंबणारा तो मास्क बघून मी जमिनीवरच बसले. ते फडकं तोंडावर लावायचं असतं हे सांगितल्यावर तीही हसली, पत्रिका आल्यापासून पहिल्यांदा.

हसू ओसरल्यावर म्हणाली, रविवारसाठी का? मी हो म्हटलं. तिने पदराला हात पुसले आणि दुसरं पाकीट आहे का विचारलं. मला वाटलं, आता तेही पिळणार. पण ती चष्मा काढून खुर्चीत बसली आणि तोंड वर केलं. मी कपाळापासून हनुवटीपर्यंत मास्क बसवला, कॉलरच्या चुण्या काढतो तशा बोटांनी चुण्या काढल्या आणि वीस मिनिटं बोलायचं नाही म्हणून दम दिला. आपली आई गप्प कसली बसते. मास्कच्या आतूनच बोलायला लागली.

"मी रागावले नाही गं तिच्यावर. तिचं चांगलं होतंय, मला आनंदच आहे. पण तिथे मी कोण म्हणून बसू?"

मी तिचा घसरलेला मास्क परत गालावर बसवला. वेळ झाल्यावर काढला आणि उरलेलं सिरम तिच्या मानेला आणि हातांना चोळलं. साबणाच्या पाण्याने ते हात किती खरखरीत झालेत, हे मला कालच कळलं.

आज सकाळी मी कामाला निघाले तर आई दारातच उभी. गालावरून सारखी हात फिरवत होती, खरंच मऊ झालेत. म्हणाली, "तिला पत्र लिही. फोनवर मी रडेन, आणि मग ती रडेल. तिला म्हणावं, मी मुलीकडची म्हणून येतेय. तिच्या बाजूची पहिली खुर्ची माझी." हे कळवायला एवढं लिहिलं बघ, आणि लिहिताना मला जागेवर बसवत नाही. पहिली खुर्ची राखून ठेव. शनिवारचा मास्क आईने वापरून टाकला, तेव्हा मला आता पुन्हा दुकानात पळायला हवं. आणि एक लक्षात आलं का तुझ्या? आई जर मुलीकडची, तर मीही मुलीकडचीच.

तुझीच,
कालपर्यंत नणंद होते ती तुझी बहीण