गुन्वोर पुढे, मी मागे

९ जानेवारी
बर्फ! रात्रभर पडत असावं. खिडकीशी उभी राहिले तर डोळ्यांत नुसता पांढरा उजेड. मला तेवढंच दिसतं — उजेड, आणि त्यात हलणाऱ्या सावल्या. त्यातली एक सावली गुन्वोर, माझी थोरली बहीण. स्कीच्या शर्यतीत ती पाठीवर स्पीकर बांधून पुढे, आणि मी तिच्या आवाजामागून. "डावं वळण... चढ... उतार, आता सोड!" इतके हिवाळे मी त्या आवाजात राहते आहे. हे रान मला ठाऊक आहे तेच मुळी तिच्या तोंडून.

१४ जानेवारी
चढावर तिला धाप लागली. स्पीकरमधून शब्द कमी, श्वासच जास्त. मी गुपचूप वेग कमी केला. गेल्या हिवाळ्यापासून हेच चाललंय.

१५ जानेवारी
स्कीला कुठलं मेण लावायचं यावरून भांडण. ती म्हणे कोरड्या थंडीचं निळं, मी म्हणे ओलसर हवेचं जांभळं. "तुला रंग दिसतो का गं?" "रंग नाही, हवा कळते — ओल आहे!" दोघी हसत सुटलो. मग वॅफल, वर तपकिरी चीज. वॅफल तिनं करपवलेच.

२० जानेवारी
आमच्या प्रशिक्षकानं, ओड्वारनं, आज मला एकटीला गाठलं. "सपाटीवर हरणी आणि चढावर आजीबाई! काय होतं गं तुला?" रविवारी निवडीची शर्यत. वेळ जमली नाही तर मी संघाबाहेर.

मी स्की झटकत राहिले. खरं सांगितलं तर तो उद्याच दुसरा वाटाड्या आणेल. माझ्यापायी गुन्वोरनं स्वतःच्या शर्यती सोडल्या. तिला 'थकलीस' म्हणायला जीभ रेटत नाही. पण मला अजून धावायचंय! खूप धावायचंय.

२२ जानेवारी
स्वप्नात एकेक झाड मला आपली जागा सांगत होतं आणि मी त्यांच्यामधून वाहत चालले होते. पुढे कुणीच नव्हतं. जागी झाले ती आनंदात. मग फार लाज वाटली.

२३ जानेवारी
गुन्वोर म्हणाली, "निवड नाही झाली तर सोडून देऊ. दोघी मिळून." मी हो म्हणाले. किती सहज म्हणाले!

२५ जानेवारी
निवडीची शर्यत. मोठ्या चढावर गुन्वोरचा श्वास तुटायला लागला. मी मंदावणार होते, पण पाय ऐकेनात. शेजारची वाट मोकळी होती. बर्फात दाबलेल्या त्या वाटेच्या दोन खाचा माझ्या स्कींना सापडल्या. गुन्वोरच्या सावलीशेजारून पुढे गेले. पुढे नुसता उजेड — घाबरले! तेवढ्यात मागून तिचं ओरडणं, "मंदावलीस तर याद राख! सरळ! सरळच जा!"

गेले. शेवटपर्यंत तो आवाज मागून येत होता, बारीक होत होत.

२६ जानेवारी
निवड झाली. 'नवा वाटाड्या शोध' म्हणून गुन्वोरनंच ओड्वारला फोन केला. मग माझ्याजवळ येऊन बसली. "वर्षभर माझ्यासाठी थांबत होतीस, ते मला कळत होतं गं. पुढे राहणं सोडवत नव्हतं."